रोजची चित्रवही: बघणं, थांबणं, आभार मानणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चित्रवही म्हणजे रोज एक वस्तू नीट बघून काढायची, आणि त्यातून ध्यान व कृतज्ञता ह्यांचा सराव करायचा. ती सुरू करू पाहणारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही. ‘कोणती वही, कोणतं पेन?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो आणि त्याच्यावाचून सगळ्यांत कमी अडतं, म्हणून तो मुद्दाम खाली ढकलला आहे.

नेमकं करायचं काय?

घरातली एक वस्तू समोर ठेवायची, हातात पेन घ्यायचं आणि दहाएक मिनिटं तिच्याकडे बघत जे दिसतंय ते कागदावर उतरवायचं. कोपऱ्यात तारीख टाकायची, वही मिटायची. आठवड्यातून एकदा, सवडीने, त्या आठवड्याच्या पानांवरून नजर फिरवायची आणि एका चित्राखाली दोन-तीन ओळी लिहायच्या: ही वस्तू माझ्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली.

एवढंच. ‘आजचा कृतज्ञतेचा विषय’ शोधत बसायचं नाही. नवी मंडळी इथेच फसतात. कृतज्ञता म्हटलं की जोडलेले हात, बदाम, उगवता सूर्य, नाहीतर वळणदार अक्षरांत ‘थँक्यू’ काढून मोकळी होतात. असलं चित्र डोळे मिटूनही काढता येतं, आणि डोळे मिटून काढता येतं त्याने आपल्या बघण्यात काडीचा फरक पडत नाही. त्यापेक्षा विसळून पालथा घातलेला चहाचा कप काढा. तो समोर आहे, आणि त्याच्या कानाला गेलेला तडा तुम्ही आजवर नीट पाहिलेला नाही.

चित्रकलेशी माझं शाळेपासून वाकडं आहे. मला जमेल का?

महाराष्ट्रात शिकलेल्या पुष्कळ जणांचं चित्रकलेशी दोन ठिकाणी बिनसतं. पहिलं ठिकाण म्हणजे निसर्गचित्र. दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. ज्या मुलाने नारळ फक्त किराणा दुकानात पाहिलाय तोही हेच काढतो, कारण ते चित्र कुणी बघून काढतच नाही. ते फळ्यावरून वहीत येतं आणि एका वहीतून दुसरीत जातं. दुसरं ठिकाण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. ह्या परीक्षांनी अनेकांना कलाशिक्षणाची वाट दाखवली हे खरंच आहे. पण स्मरणचित्रातल्या माणसाचा हात आखडला, कर्तव्यभूमितीच्या कागदावर शाई सांडली, श्रेणी खालची आली, आणि ‘आपल्याला चित्रकला येत नाही’ हा निकाल जन्मभरासाठी लागला, असे लोकही कमी नाहीत.

इथे श्रेणी नाही आणि परीक्षकही नाही. चित्र वस्तूसारखं आलं तर छानच. नाही आलं तरी दहा मिनिटं तुम्ही तिच्याकडे बघितलेलं असतं, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. गंमत म्हणजे चांगला हात असलेल्यांनाच हा प्रकार आधी जड जातो. त्यांचा हात डोळ्याच्या पुढे धावतो. कप म्हटल्याबरोबर सराईत लंबगोल, दोन बाजू, एक कान, थोडी छाया. समोरचा कप राहतो बाजूलाच.

पहिल्या दिवशी काय काढू आणि कसं?

चहाची गाळणी काढा. जवळजवळ प्रत्येक घरात असते, रोज हाताळली जाते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

गाळणी उजेडात ठेवा. पेनचं टोक कागदावर टेकवा. नजर गाळणीच्या कडेवर एका जागी ठेवा, समजा दांडा जिथे गोल कडीला मिळतो तिथे. आता डोळा कडेवरून मुंगीच्या चालीने सरकवायचा आणि त्याच चालीने कागदावर पेन सरकवायचं. दोन नियम: कागदाकडे बघायचं नाही, आणि पेन उचलायचं नाही. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलाइडिस ह्यांचे धडे त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली छापले गेले, तेव्हापासून बाह्यरेषेचा हा सराव जगभरच्या चित्रशाळांत करून घेतला जातो. तिथे तो हात तयार व्हावा म्हणून करतात. आपल्याला तो डोळ्यासाठी हवा आहे.

पहिलं मिनिट कंटाळ्याचं. दुसऱ्या मिनिटाला ‘हे मी काय करतोय’ असं वाटतं. त्यानंतर एकेक गोष्ट पुढे यायला लागते. जाळी सगळीकडे सारखी नाही. मधोमध चमच्याने दाबून दाबून ती खोलगट झालीय. तळाशी तारा चहाने काळपट पडल्यात, काठाशी अजून चंदेरी आहेत. कडीच्या दुमडीत चहाचे दोन कण अडकलेत, जे आजवर कुठल्याही घासणीला सापडलेले नाहीत. दांड्याच्या समोरच्या बाजूला, पातेल्यावर टेकवायला, एक छोटा आकडा दिलेला आहे. तो रोज वापरताय आणि तो आहे हे आत्ता कळतंय.

दहा मिनिटांनी कागदावर जे उमटलेलं असतं ते बघून हसू येतं. दांडा कडीला मिळालेलाच नसतो, कडी भलतीकडे कलंडलेली असते. पण त्या सगळ्या गुंत्यात एखादं वळण, बहुधा त्या आकड्याचंच, चकित व्हावं इतकं खरं आलेलं असतं. ते बघून काढलंय म्हणून. चार-पाच दिवस असंच, न बघता काढा. नंतर अधूनमधून कागदाकडे नजर टाकायला हरकत नाही. तरीही प्रमाण वस्तूच्या बाजूने राहू द्या.

ह्यात ध्यान कुठे आलं?

अमेरिकेतले ध्यानशिक्षक जॉन कबाट-झिन ह्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला आणि ‘माइंडफुलनेस’ दवाखान्यांत रुळला. त्यातला गाभा थोडक्यात असा: आत्ता जे आहे त्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचं, ते चांगलं की वाईट ह्याचा निवाडा न करता. मन भरकटलं की ओळखायचं आणि परत यायचं.

परत कुठे यायचं, हा नवशिक्याचा खरा प्रश्न असतो. श्वासावर लक्ष ठेवायला बसलं की मन कधी पसार झालं हे कळायलाच पाच मिनिटं जातात. चित्रात मात्र रेषाच चुगली करते. विजेचं बिल आठवलं की पेन घाईने सरळ पळतं आणि नंतर पान बघताना ती जागा बोट ठेवून दाखवता येते. परत यायची जागाही पक्की आहे: वस्तूची कड, जिथे नजर सुटली तिथे.

निवाडा न करण्याचा भाग अवघड आहे, कारण चित्राच्या बाबतीत आपल्या आत एक परीक्षक कायम बसलेला असतो. खोडरबर नको म्हणतात ते त्याच्यासाठी. हातात खोडरबर असलं की तो उठून कामाला लागतो.

मी विपश्यनेची शिबिरं केली आहेत. दोन्ही एकत्र चालेल का?

शिबिरात नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीला १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरं होतात. तिथे वाचन-लेखनालाही मनाई असते, त्यामुळे चित्रवही घरीच ठेवायची. घरी आल्यावर दोन्ही करा, पण वेगळ्या वेळी. ते डोळे मिटून शरीरावरच्या संवेदनांकडे बघणं आहे आणि हे डोळे उघडे ठेवून गाळणीकडे. बैठकीत ‘आज काय काढू’ असे विचार यायला लागले तर वहीची वेळ संध्याकाळी न्या.

बघण्यातून कृतज्ञता आपोआप येते?

येतेच असं नाही, आणि न आली तर ओढून आणू नका. होतं असं, की वस्तूकडे दहा मिनिटं बघितलं की तिच्यात झालेलं काम दिसायला लागतं, आणि काम दिसलं की ते करणारं माणूसही दिसतं.

कोथिंबिरीची जुडी घ्या. काढायला बसलात की आधी पानांनी घाबरायला होतं. पानं सोडून द्या, खालून सुरुवात करा. मुळांना माती आहे, म्हणजे उपटून आणलीय, कापून नाही. काड्यांची टोकं साधारण एका रेषेत आहेत. कुणीतरी मूठ धरून जमिनीवर आपटून ती सारखी केलीत. गाठ मारलीय ती डाव्या बाजूला, दोन वेढे देऊन, टोक आत खोचून. ह्या गाठीला फार तर दोन सेकंद लागले असतील, आणि त्याच हातांनी त्या दिवशी अशा कितीतरी गाठी मारल्या असतील. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाज्यांच्या गाड्या उतरतात तेव्हा आपण साखरझोपेत असतो. सकाळी भाजीवाल्या मावशींशी ‘जुडी किती बारीक झालीय’ म्हणून आपण घासाघीस करतो. चित्र काढल्यामुळे घासाघीस थांबेल अशी हमी नाही. पण गाठ दिसते, आणि एकदा दिसली की प्रत्येक जुडीत दिसते.

आठवड्याच्या ओळी लिहिताना ही नेमकी गोष्ट लिहा. ‘निसर्गाचे अनंत उपकार’ असलं काही नको. ते निबंधात शोभतं. ‘ही गाठ मारणाऱ्या हातांना’ असं लिहा. कोणी बनवलं, कोणी आणलं, कोणी धुऊन-पुसून जागेवर ठेवलं, ह्या तीन प्रश्नांवर बहुतेक वस्तूंचं काम भागतं. पाकिटबंद वस्तू असेल तर पाकिटावर कारखान्याचं गाव छापलेलं असतं, तेही वाचा.

एक खटकणारी गोष्टही इथेच सांगते. कामाला येणाऱ्या ताईंनी लख्ख घासलेल्या कढईचं सुरेख चित्र काढायचं, खाली डोळे पाणावतील अशा ओळी लिहायच्या आणि पगारवाढीचा विषय निघाला की दिवाळीनंतर बघू म्हणायचं, हे बरोबर नाही. वहीतले आभार फुकट असतात. जमेल तिथे ते वहीबाहेर काढा: पैशांत, सुट्टीत, निदान तोंडाने बोलून.

आभाराच्या ओळी रोज का लिहायच्या नाहीत? रोज लिहिल्या तर जास्त फायदा नाही का?

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या. कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा हे विद्यार्थी आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आणि येत्या आठवड्याबद्दल अधिक आशावादी दिसले. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही.

कारण समजायला प्रयोगशाळा लागत नाही. रोज म्हटलेले आभार पाठ होतात. आई-बाबा, आरोग्य, छप्पर, दोन वेळचं जेवण. चौथ्या दिवसापासून तीच यादी, फक्त अक्षर घाईचं. बघण्याचं तसं होत नाही, कारण समोरची वस्तू रोज बदलते आणि तीच असली तरी उजेड बदललेला असतो. म्हणून चित्र रोज, ओळी आठवड्याला.

हे परदेशातून आलेलं फॅड नाही का?

नाव आणि पुस्तकं तिकडची आहेत, हे कबूल. पण चित्र काढून ऋण व्यक्त करणं मराठी घरांना नवीन नाही.

चैत्रांगण आठवा. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. ह्या काळात अनेक घरांत दारापुढे चैत्रांगणाची रांगोळी काढतात. मखरात किंवा झोपाळ्यात गौर, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, हे तर असतंच. पण त्यांच्याच शेजारी, त्याच मापाची, तुळशीवृंदावन, कासव, नाग, गाय-वासरू, गोपद्मं, आंबा, केळीचं झाड आणि चक्क फणी-करंडासुद्धा असतो. डोकं विंचरायची फणी आणि कुंकवाचा करंडा सूर्य-चंद्राच्या पंगतीला. ज्या आज्या हे काढायच्या त्यांनी ‘कृतज्ञता’ शब्द वापरला नसेल, पण ज्यांच्यावर घर चालतं त्या गोष्टी एकेक करून, बोटांच्या चिमटीतून, जमिनीवर मांडल्या जायच्या. दुपारी कैरीची डाळ आणि पन्हं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी जमीन. पुण्या-नागपुरातल्या फ्लॅटच्या दारात चैत्रांगणाचं छापील स्टिकर चिकटवलेलं दिसतं तेव्हा वाईट वाटतं ते परंपरा बुडाल्याचं नाही. फणी काढायची राहून गेली ह्याचं.

दसऱ्याच्या पाटीपूजनाला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढली जाते. पाटी, पुस्तकं, हत्यारं, स्कूटर, शिवणयंत्र, ज्यांच्या जिवावर पोट भरतं त्यांच्यापुढे त्या दिवशी फूल ठेवतात. चित्रवहीला मुहूर्त हवाच असेल तर ह्याच्याइतका चांगला दुसरा नाही: फूल वाहण्याआधी त्यातलं एक हत्यार बघून काढा. शिंप्याची कात्री काढून बघा. अंगठ्याचं छिद्र लहान आणि बोटांचं मोठं का, ते काढताना कळतं.

वारली लग्नचौकाचं उदाहरणही लोक देतात. डहाणू-तलासरीकडे गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी येते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे ह्यांच्यामुळे ही रेषा भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ह्या चौकाला ‘माइंडफुलनेस’चं लेबल लावू नये असं मला वाटतं. तो विधी आहे, त्याचे मालक वेगळे आहेत. बुटिकमधल्या कुर्त्यावर त्याची नक्षी छापून झालीच आहे. आता ताण घालवायचं औषध म्हणूनही विकायला नको.

ह्याला शास्त्रीय आधार आहे का?

तुकड्यातुकड्यांत आहे. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज असं साहित्य देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं, आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फार फरक पडला नाही. आपल्या कामाचा भाग हा दुसरा आहे. मात्र ३९ हा आकडा लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेवढा वेळ नुसतं बागेत बसवलं असतं तर काय झालं असतं, हे त्यावरून सांगता येत नाही.

त्याच वर्षी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून आलेल्या प्रयोगांत, एखादा शब्द लिहिण्यापेक्षा त्या वस्तूचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो असं दिसलं. चित्राचा दर्जा कसाही असला तरी. वही वर्षभराने उघडल्यावर तो दिवस, खिडकीतून येणारं ऊन आणि कुकरच्या शिट्ट्या आठवतात, त्यामागे हेच असावं. आयुष्य बदलेल, आजार बरे होतील असले दावे कोणी करत असेल तर दोन पावलं लांब राहा.

सध्या घरात आजारपण आहे. अशा वेळी कृतज्ञता वगैरे ऐकलं तरी राग येतो.

यायलाच हवा. माणूस आयसीयूत असताना ‘जे आहे त्याबद्दल आभार माना’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा देऊ नये.

आभाराच्या ओळी बंद ठेवा. पुन्हा कधी सुरू करायच्या ते नंतर बघू, किंवा कधीच नाही. चित्र मात्र चालू ठेवता आलं तर ठेवा, कारण दवाखान्यात वेळ जाता जात नाही आणि तिथे बघायला पुष्कळ असतं. सलाइनच्या नळीतला छोटा कक्ष, जिथे थेंब लोंबतो, फुगतो आणि सुटतो. गोळ्यांच्या पट्टीवरचे फुटलेले आणि न फुटलेले फुगवटे. बाहेरच्या बाकाची भोकंभोकं असलेली पत्र्याची बैठक. डब्याच्या पिशवीवर बॉलपेनने लिहिलेला खाटेचा नंबर. ह्यातलं काहीही सुंदर नाही, आणि ते काढून धीर येईल असंही नाही. दहा मिनिटं मनाला एक जागा मिळते, रिपोर्ट येईपर्यंत. आजारी माणसाचं चित्र त्याला विचारल्याशिवाय काढू नका, घरचंच असलं तरी.

आणि ज्यांनी तुम्हाला दुखवलंय त्यांच्याबद्दल कृतज्ञता शोधायचा सराव तर बिलकूल करू नका. ‘त्याने मला खंबीर बनवलं’ अशा ओळी लिहून घेणारे सल्लागार सापडतात. वहीत ज्यांना जागा द्यायची ते तुम्ही ठरवायचं.

मला नैराश्याचा त्रास आहे. औषधांऐवजी हे करू का?

औषधांऐवजी नाही. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवा आणि त्यांना विचारून, सोबत करा. मन फारच खचलं असेल, जगू नये असे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवून आधी कोणाशी तरी बोला. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मंडलांची रंगवायची पुस्तकं चालतील का?

शांत व्हायला चालतील. पण त्यात बघायला समोर काही नसतं, त्यामुळे इथे जे सांगितलंय ते त्यातून होणार नाही. दोन्हींची गल्लत नको.

वही कोणती, पेन कोणतं?

पाठकोरे कागद घ्या, क्लिपमध्ये अडकवा आणि खिशातलं बॉलपेन काढा. झालं. बॉलपेन खोडता येत नाही हा त्याचा मोठा गुण. हलक्या हाताने धरलं तर फिकट रेषा देतं, दाबलं तर गडद.

तरी खरेदीची हौस असेलच तर कोऱ्या पानांची ए-५ वही, कागद १०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) पुढचा, म्हणजे शाई मागे फुटत नाही. जलरंग लावायचे असतील तर २०० च्या वर जा, नाहीतर पान पापडासारखं वळतं. पेन्सिल हवी तर २बी किंवा ४बी. एचबी फिकी पडते. महागडी, कापडी बांधणीची वही शक्यतो टाळा. तिच्या पहिल्या पानावर काही काढायचं धाडस होत नाही आणि ती कपाटात तशीच राहते.

वयामुळे हात थरथरतो. उपयोग आहे का?

आहे. थरथरणाऱ्या हाताची रेषा बघायला कितीतरी जिवंत असते. जाड मार्कर किंवा तेलकट खडू घ्या, मोठा कागद टेबलाला चिकटपट्टीने चिकटवा आणि मनगट टेकवण्याऐवजी पूर्ण हात खांद्यापासून फिरवा. मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नसेल तर वांगं, नारळ, तांब्या अशी मोठी, ठसठशीत आकाराची वस्तू निवडा आणि खिडकीपाशी बसा. वस्तू आधी हातात घेऊन चाचपली तरी चालेल. तेही बघणंच आहे.

दहा मिनिटंसुद्धा निवांत मिळत नाहीत.

दूध तापायला ठेवल्यावर ओट्यापाशी उभं राहावंच लागतं, तेव्हा. मुलांच्या क्लासबाहेर, स्कूटरवर बसून. लोकलमध्ये जागा मिळाली तर स्वतःचाच डावा हात. समोरच्या बाईंकडे टक लावून बघू नका, भांडण होईल. अगदीच नसेल तर तीन मिनिटांत फक्त एक किल्ली. किल्लीचे दात मात्र मोजून काढा.

फोटोवरून किंवा टॅबवर काढलं तर?

टॅबला विरोध नाही, पण मागे जायचं बटण खोडरबराहून वाईट. आणि फोटो शक्यतो नकोच. फोटोत काय बघायचं ते कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. अपवाद एकच: जी माणसं आता नाहीत त्यांच्या वस्तूसुद्धा घरात उरल्या नसतील, तर जुन्या फोटोतला चष्मा किंवा पदर काढायला हरकत नाही. वस्तू असेल तर तीच घ्या. आजीचा अडकित्ता माळ्यावर असेल तर आजच खाली काढा. त्याची मूठ कुठे झिजलीय बघा, म्हणजे ती तो कसा धरायची ते कळेल.

मुलांना बरोबर घेऊ का?

घ्या, पण शिकवू नका. ‘कान केवढा मोठा काढलास’ हे वाक्य तोंडातून गेलं की संपलं. एकच वस्तू मध्ये ठेवून दोघांनी आपापल्या बाजूने काढा. मुलाला दिसलेलं आणि तुम्हाला न दिसलेलं काहीतरी निघतंच. त्याच्याकडून आभाराच्या ओळी मात्र लिहून घेऊ नका. शाळेत तेवढं पुरेसं होतं.

चित्रं स्टेटसला टाकू का?

निदान पहिली वही भरेपर्यंत नको. एकदा लाइक मोजायची सवय लागली की गाळणीऐवजी जास्वंद काढावीशी वाटते. कोणा एकाला दाखवायचीच असतील तर ज्याच्यामुळे ती वस्तू तुमच्याकडे आली त्याला दाखवा. बहिणीने दिलेल्या डब्याचं चित्र बहिणीला पाठवा, आणि ‘अगं झाकण पोचलंय की ते’ असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका.

मध्ये खाडा पडला. आता?

पुढच्या कोऱ्या पानावर आजची तारीख टाका आणि सुरू करा. मधली पानं भरून काढायला एका बैठकीत पाच-सहा चित्रं रेटू नका. त्यातलं एकही बघून काढलेलं नसेल. महिना-दोन महिन्यांचा खंड असेल तर पुन्हा चार दिवस कागदाकडे न बघता काढण्यापासून सुरुवात करा, नेहमीच्या गाळणीपासून केली तरी चालेल. एव्हाना ती बदललेली असेल किंवा घरच्यांनी नवी आणली असेल. नवी असली तर जुनी टाकून द्यायच्या आत शोधा आणि दोन्ही एका पानावर काढा.